बहात्तर ठोक्यांचा हट्ट

आमच्या यांना गल्लीत सगळे ‘सेकंदराव’ म्हणतात आणि यांना तो मान वाटतो. आता काय बोलायचं! जिन्याखाली एवढंसं घड्याळदुरुस्तीचं दुकान. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करून देणारा. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर दुसऱ्याला बाहेर पायरीवर उभं राहावं लागतं. पण आत भिंतीवर एकेचाळीस घड्याळं आहेत आणि ती सगळी एका दमात बारा वाजवतात. एखादं अर्धा सेकंद मागे राहिलं की हे जेवायला घरी येत नाहीत. जेवण गार होतं, मी गरम होते, पण त्या घड्याळाला वठणीवर आणल्याशिवाय हा माणूस उठायचा नाही.

मी बालवाडीत शिकवते. चाळीस पोरांना एका हाकेत खाली बसवते. घरातला हा एकटा मात्र एकतीस वर्षांत माझ्या कह्यात आलेला नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. हे पीत नाहीत. कधीच प्यायले नाहीत. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा डोळ्याला भिंग लावून वाचतात, त्यात अल्कोहोल निघालं तर बाटली परत. पण गोडावर जीव! पंधरा वर्षांपूर्वी साखर लागली, पोट त्याच्याही आधी सुटलेलं, आणि काम सगळं बसून. गेल्या वर्षी नेहमीच्या रक्ततपासणीत प्लेटलेट कमी निघाल्या. मग सोनोग्राफी झाली, मग आम्हाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की यांच्या लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं चरबी साठत गेली आणि आता ते आतून कडक झालंय. सिरोसिस.

“सिरोसिस?” हे ओरडलेच. “मला? न पिता?”

“न पिताही होतो, काका. साखर आणि चरबीनं होतो.”

“मग निदान पिऊन तरी घेतली असती!”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. आमच्या मुलीच्या वयाच्या असतील, पण बोलणं असं की मीसुद्धा हाताची घडी घालून बसले. त्यांनी यांच्या घशात औषधाचा फवारा मारला आणि तोंडावाटे दुर्बीण आत घातली. नंतर पडद्यावरचे फोटो दाखवले. अन्ननलिकेच्या आतल्या बाजूला निळसर, वेड्यावाकड्या, फुगलेल्या शिरा. म्हाताऱ्या माणसांच्या पोटऱ्यांवर दिसतात ना, तशाच.

“पोटाचं आणि आतड्यांचं सगळं रक्त लिव्हरमधून पुढे जातं,” त्या म्हणाल्या. “लिव्हर कडक झालं की ती वाट अडते. रक्त काही थांबून राहत नाही. मोठा रस्ता बंद झाला की गाड्या गल्लीबोळांतून घुसतात ना, तसं ते बारीक शिरांतून वाट काढतं. या अन्ननलिकेतल्या शिरा म्हणजे तसलेच बोळ. एवढी रहदारी त्यांना झेपत नाही. त्या फुगतात, पातळ होतात. एखादी फुटली तर रक्ताची उलटी होते आणि माणूस बघता बघता हातचा जाऊ शकतो.”

मी यांचा हात घट्ट धरला. यांनी मात्र मान पुढे काढून विचारलं, “बोळात दाब किती आहे, मोजलाय?”

अहो, काय म्हणावं या माणसाला! स्वतःच्या मरणाची गोष्ट चाललीय आणि हा माप विचारतोय.

बाईंनी नीट समजावलं. दोन उपाय होते. एक, त्या शिरा रबराच्या बारीक कड्यांनी आवळून टाकायच्या. दुसरा, रोज गोळी घेऊन दाब खाली ठेवायचा. आमचं गोळीवर भागण्यासारखं होतं. गोळीनं नाडी हळू होईल, घाबरू नका, म्हणाल्या, आणि फाइलवर कोपऱ्यात ‘नाडी ५५ ते ६०’ असं लिहिलं. काही त्रास झाला तर त्यांना फोन करायचा, मनानं काही करायचं नाही. मीठ कमी. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून खायच्या नाहीत. उलटीत रक्त दिसलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर घरी बसायचं नाही, तडक दवाखाना. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि यांना घरी येईपर्यंत तीनदा म्हणून दाखवायला लावलं.

बातमी कळताच वन्सं आल्या. वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. आल्या आल्या मला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हणाल्या, “खरं सांग, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“अगं, माझ्यापासून काय लपवतेस? घरी घेतो का दुकानात?”

मी शपथा घेतल्या, काही उपयोग नाही. वन्संनी कपाटं उघडली, गाद्या उलटल्या, तांदळाच्या डब्यात हात घातला. घरात काही मिळेना तेव्हा दुकानात गेल्या आणि खालच्या खणातून एक बाटली काढून विजयी चेहऱ्यानं बाहेर आल्या. भर रस्त्यात झाकण उघडून त्यांनी वास घेतला. त्यात घड्याळाचे भाग धुवायचं पेट्रोल होतं.

“हे पितो?” असं म्हणून वन्सं पायरीवर मटकन बसल्या. त्यांना पाणी पाजायला किल्लीवाला धावला. त्या दिवसापासून आठवडाभर जो भेटेल तो यांच्याकडे हळहळून बघायचा, आणि यांच्या तोंडाजवळ काडी पेटवायची नाही असं झेरॉक्सवाल्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला बजावून ठेवलं होतं.

गोळी सुरू झाली. पहिल्या दिवसापासून यांनी सकाळी उठल्यावर नाडी मोजायला घेतली. मनगटावर दोन बोटं, समोर सेकंदकाटा, ओठ मिटलेले. आधी ब्याऐंशी होती, पंधरवड्यात छप्पन्नवर आली. मग यांना वेडच लागलं. गिऱ्हाइक घड्याळ द्यायला आलं की घड्याळाच्या आधी त्याचं मनगट धरायचे. किल्लीवाल्याची सत्तर भरली, तो शेफारून गेला. माझी मोजली, चौऱ्याऐंशी.

“तू पुढे जातेस,” हे म्हणाले.

“जाणारच! कोणीतरी जायला नको?”

कारण खरं सांगते, गोळीनं हे मंदावले होते. जिना चढताना मध्येच थांबायचे. घास हातात धरून बसायचे. दुपारी दुकानात पेंगायचे. रविवारी मी भांडण काढलं तर “बरं” म्हणून मोकळे. समोरच्यानं “बरं” म्हटल्यावर भांडण पुढे न्यायचं कसं, तुम्हीच सांगा. एकतीस वर्षं ज्याच्याशी तोंडाला तोंड दिलं तो असा बसलेला बघवेना, आणि बघवेना की माझी जीभ सुटते. “काय हो, मेल्यासारखे बसता! घड्याळं राहिली बाजूला, तुम्हीच मागे पडायला लागलात.” एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, मग रोजच म्हणत गेले. डॉक्टरीणबाईंना फोन करून हे मंदावलेत असं सांगावं, हे काही मला सुचलं नाही. वहीत तर मीच लिहून घेतलं होतं.

दोनेक महिन्यांनी हे पुन्हा पहिल्यासारखे झाले. जिना एका दमात. चहात साखर नाही म्हणून आदळआपट. रविवारी तर असे भांडले की शेजारची खिडकी बंद झाली. मला काय आनंद झाला! गोळी मानवली, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. गोळ्या मी स्वतः मोजत होते, रोज एक पाकिटातून कमी होत होती, एकही चुकली नव्हती.

आणि मग तो शनिवार. सकाळचे अकरा. मी पोरांना रांगेत हात धुवायला नेत होते, एवढ्यात किल्लीवाल्याचा फोन. “काकू, घाबरू नका,” म्हणाला. हे शब्द कानावर पडले की माणूस घाबरतोच. हात ओले तसेच ठेवून मी पळाले.

यांना दुकानात एकदम मळमळलं होतं. हातात कोणाचं तरी घड्याळ उघडलेलं, त्यावर काही पडू नये म्हणून यांनी ते आधी झाकून ठेवलं, मग बादली ओढली. बादलीत रक्त, गडद लाल, गुठळ्या गुठळ्या. झेरॉक्सवाल्यानं गाडी काढली. यांना मागे आडवं केलं तर हे किल्लीवाल्याला सांगतायत, “डावीकडचं गोल घड्याळ पाच वाजता न्यायला येतील. पट्टा बदललाय, सांग.” आणि दुकान बंद करायला म्हणून किल्लीवाला कुलूप घेऊन उभा, तर किल्ली सापडेना. साऱ्या गावाच्या किल्ल्या करणारा माणूस, घाबरून तो कुलपाला दोरी बांधत होता. यांनीच आडव्या आडव्या सांगितलं, “अरे, ते दाबून बंद होतं.”

हे मला नंतर कळलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा यांच्या दोन्ही हातांत सुया होत्या. एकीतून रक्त चढत होतं, दुसरीतून दाब खाली आणायचं औषध. संसर्ग होऊ नये म्हणून वेगळं इंजेक्शन. चेहरा कागदासारखा. मला बघून म्हणाले, “हातपाय गार पडलेत, बघ.” मी हात धरला. खरंच गार होता. मी बोटं पदरात गुंडाळून धरली.

यांना आत नेलं. मी बाकावर बसले. समोर भिंतीवर लिव्हर निरोगी ठेवण्याचा तक्ता होता, तो मी पाठ होईस्तोवर वाचला. सारखं मनात येत होतं, रविवारी मी यांना घालूनपाडून बोलले होते ते शेवटचं ठरू नये. देवाशी सौदे करायची मला सवय नाही, पण त्या दिवशी केले, आणि बरेच केले.

तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. कपाळावर घाम होता. “शीर सापडली, काकू. सहा कड्या घातल्या. रक्त थांबलंय. पण पुढचे पाच दिवस जोखमीचे आहेत. पुन्हा फुटू शकते.” मग माझ्या शेजारी बसून त्यांनी विचारलं, “गोळी नीट घेत होते ना? आले तेव्हा नाडी फार पळत होती, ती रक्त गेल्यामुळे, ते ठीक. पण आधीची काय होती?”

“नीट म्हणजे? मी मोजते रोज! एक चुकली असेल तर नाव बदलेन.”

“शी काळी झाली होती का?”

मला ठाऊक नव्हतं. यांनी सांगितलं नव्हतं. दोन दिवस झाली होती म्हणे काळी, पण असल्या गोष्टी काय बोलायच्या म्हणून गप्प राहिले होते. ज्या माणसानं सगळ्या गल्लीची नाडी चव्हाट्यावर मोजली, त्याला हे सांगायची लाज वाटली!

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्लीवाल्याकडून कुलूप उघडून घेऊन मी चष्मा आणायला दुकानात गेले. खण उघडला. चिमटे, बारीक स्क्रू, काचा, आणि मागे कोपऱ्यात काचेची एक कुपी. घड्याळातले लहानातले लहान भाग ठेवतात ना, तसली. तिच्यात पांढरी पूड. वर चिठ्ठी, यांच्या मोत्यासारख्या अक्षरात: ‘गोळी, काढलेला भाग.’ शेजारी छोटी कानस होती, तिच्या दातांतही पांढरं. आणि एक वही. तारीख, नाडी, तारीख, नाडी. छप्पन्न. एकसष्ट. सहासष्ट. शेवटी ओळीनं सतरा दिवस बहात्तर, बहात्तर, बहात्तर, आणि खाली लाल शाईत ‘बरोबर’.

मी तिथंच त्यांच्या स्टुलावर बसले. एकेचाळीस घड्याळं डोक्यावर टकटक करत होती. एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं तर सगळा गोठा रिकामा व्हायची वेळ आली होती!

कुपी आणि वही मी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आदळली. त्या दोन्ही घेऊन यांच्या खाटेपाशी आल्या. यांना बोलायला मनाई नव्हती, पण घसा दुखत होता. तरी हे उठून बसले. कामाबद्दल कोणी विचारलं की यांना बसावंच लागतं.

“शाळेत शिकवलंय,” हे म्हणाले, “माणसाची नाडी मिनिटाला बहात्तर. बनवणाऱ्यानं तशी लावून दिलीय. माझी छप्पन्न झाली. म्हणजे मिनिटाला सोळा मागे, तासाला नऊशे साठ, दिवसाला तेवीस हजार चाळीस. एवढं मागे पडणारं घड्याळ मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, तर स्वतःच्या अंगात कसं ठेवू? म्हणून गोळी थोडी थोडी कानसून जुळवत आणली.”

“फाइलवर पंचावन्न ते साठ लिहिलं होतं, काका.”

“त्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, असं वाटलं.”

डॉक्टरीणबाईंनी एक खुर्ची ओढली. मला वाटलं आता ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत, पण एकेक शब्द असा ठेवला की यांनी डोळे खाली घातले. “नाडी हळू होणं हा गोळीचा दोष नव्हता. तेच तिचं काम होतं. हृदय सावकाश चाललं, आतड्यांकडे जाणारं रक्त आटोक्यात राहिलं, की त्या बोळांतली गर्दी कमी होते. तुम्हाला छप्पन्नवर आणायला मी गोळी दिली आणि तुम्ही रोज सकाळी बसून माझं काम उलटं फिरवलंत. कानस घेऊन.”

यांनी वहीतलं ते लाल ‘बरोबर’ पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाले, “म्हणजे मागे चाललं होतं तेच बरोबर चाललं होतं?”

“अगदी बरोबर.”

“बेचाळीस वर्षं या धंद्यात आहे,” हे म्हणाले. “असं घड्याळ पाहिलं नाही.”

“थकवा येत होता तर मला सांगायचं. डोस बदलला असता, गोळी बदलली असती, नाहीतर तेव्हाच कड्या घातल्या असत्या. का सांगितलं नाहीत?”

यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, साधंच पाहिलं. “हिला मी मंद वाटायला लागलो होतो,” हे म्हणाले. “रोज म्हणायची, मागे पडलात. म्हटलं, हिच्यासाठी तरी लावून घ्यावं.”

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. डॉक्टरीणबाई यांचे कान टोचत होत्या आणि भोक माझ्या कानाला पडलं. मी खिडकीशी गेले. बाहेर एक माणूस पाइपानं गाडी धूत होता, तो मी बघत राहिले. मला रडू आलं आणि मी रडले, वॉर्डातल्या सगळ्यांसमोर. शेजारच्या खाटेवर एक ड्रायव्हर होता, त्याचं लिव्हर खरोखरीच दारूनं गेलेलं. तो यांना म्हणाला, “भाऊ, तुम्ही न पिता बायकोला एवढं रडवलंत. आम्हाला पिऊनही नाही जमलं.”

“तुम्ही गप्प बसा हो,” मी नाक पुसत म्हटलं आणि यांच्याकडे वळले. “आणि तुम्ही! मी काहीही बोलते. एकतीस वर्षं बोलतेय. आजवर माझं एक ऐकलंत? आणि नेमकं हेच ऐकायचं होतं?” मग खाटेवर बसले आणि म्हटलं, “मंद तर मंद. मला चालेल. मला तुम्ही हवे आहात.” असलं वाक्य मी आयुष्यात बोलले नव्हते. यांना काय करावं ते कळेना, म्हणून यांनी माझी नाडी धरली.

पाच दिवस गेले. रक्त पुन्हा आलं नाही. गोळी आता मी माझ्या हातानं जिभेवर ठेवू लागले, आणि कानस बालवाडीत पेन्सिलींना लावली. पहिले काही दिवस पातळ आणि थंड, मग मऊ भात, कडक काहीही नाही. दर तीन आठवड्यांनी दुर्बीण. दुसऱ्या खेपेला चार कड्या बसल्या. तेव्हा यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “आधीच्या सहा कुठायत?”

“गळून पडल्या. आवळलेली शीर सुकली की कडी सुटते.”

“सुटून कुठे जाते?”

“सगळं जिथून जातं तिथूनच.”

यांना हे पटलं नाही. “आमच्या धंद्यात काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा असतो,” हे म्हणाले. “नाहीतर विश्वास कसा बसणार?”

“काका, तुम्हाला हव्या असतील तर शोधा,” बाई म्हणाल्या, “माझी काही हरकत नाही.” त्या दिवशी त्यांना हसताना मी प्रथम पाहिलं. हे घरी येईपर्यंत विचारात होते आणि मी रस्ताभर बजावत होते की असला काही प्रकार माझ्या घरात चालणार नाही.

थकवा पुन्हा आला. या वेळी मी फोन केला. बाईंनी गोळी बदलून दिली, जरा बरं झालं. नाडी अठ्ठावन्नवर टिकली, आणि आता त्या अठ्ठावन्नचा यांना असा अभिमान की कोणी सत्तर म्हटलं की हे कीव करतात. किल्लीवाला बिचारा आपल्या सत्तरीचं औषध कुठं मिळतं म्हणून मलाच विचारून गेला. वन्संनी तर स्वतःचं लिव्हर तपासून घेतलं. त्यांच्यातही चरबी निघाली. त्यांच्या घरी जाऊन मी फक्त एवढंच विचारलं, “खरं सांगा वन्सं, कधीपासून?”

चौथ्या खेपेला दुर्बीण घालून झाली आणि डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. पडद्यावर गुलाबी, सपाट. निळं काही नव्हतं. मी पुन्हा पुन्हा बघितलं.

“शिरा बसल्या,” त्या म्हणाल्या. “आज एकही कडी घातली नाही.”

“म्हणजे बरे झाले?”

“नाही, काकू. लिव्हर कडकच आहे. दाब आहे, शिरा पुन्हा फुगू शकतात. गोळी चालू ठेवायची, साखर आणि वजन आटोक्यात ठेवायचं. आणि आता तीन महिन्यांनी एकदा दुर्बीण, मग दर सहा महिन्यांनी.”

“किती वर्षं?” फवाऱ्यानं बधिर झालेल्या घशातून यांनी कसंबसं विचारलं.

“आयुष्यभर.”

यांचं तोंड पडलं. आयुष्यभर ती नळी, ती उपाशी सकाळ, तो कडू फवारा. बाहेर येऊन हे बाकावर बसले आणि कुरकुरायला लागले. माझ्या कानात मात्र भलतंच वाजत होतं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी याच बाईंनी मला पाच दिवसांचा भरवसा दिला नव्हता. मी तडक नाव नोंदवायच्या खिडकीपाशी गेले. तिथं काचेमागे एक मुलगी बसते.

“तारखा हव्यात,” मी म्हटलं.

तिनं तीन महिन्यांनंतरची एक दिली.

“पुढच्या?”

“पुढची तेव्हा मिळेल, बाई.”

“मला आत्ता हव्यात. दर सहा महिन्यांच्या. दहा वर्षांच्या लिहा.”

“दहा वर्षांच्या?” तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “संगणकात सहा महिन्यांपुढची तारीख पडतच नाही.”

“मग हातानं लिहा. कागद आहे ना? आयुष्यभर यायचं सांगितलंय डॉक्टरांनी, मी मनानं बोलत नाहीये.”

मागची रांग चुळबुळायला लागली. हे बाकावरून उठून खुणेनं ‘चल, चल’ करत होते, घशातून धड आवाज निघत नव्हता. मी हलले नाही. शेवटी त्या मुलीनं सुस्कारा टाकला, फाइल उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला एकाखाली एक तारखा लिहायला घेतल्या. मी बोटांवर वीस मोजल्या. विसाव्या तारखेला तिनं पेन थांबवलं आणि वर बघून विचारलं, “आता झालं?”

माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, पण आवाज ठीक निघाला. “कागदाच्या खाली अजून जागा आहे,” मी म्हटलं. “लिहा.”